झंझावाताचें माप

अमरकोशांत वृष्टीसह येणाऱ्या महावातास झंझावात म्हटलें आहे. वाऱ्याचें बळ व पाऊस हीं दोन लक्षणें त्यांत आलीं. परंतु समुद्रांत बांधकाम करणाऱ्या स्थापत्यज्ञास भय वाटतें तें तिसऱ्या लक्षणाचें, म्हणजे आकस्मिकतेचें. हें लक्षण मोजमापाच्या कक्षेंत कसें आलें, तें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

२८ डिसेंबर १८७९ च्या रात्रीं स्कॉटलंडांतील टे खाडीवरचा रेल्वेपूल वादळांत कोसळला. पुलावरील गाडी खाडींत गेली व तींतील एकहि मनुष्य वाचला नाहीं. पुलाची योजना करितांना टॉमस बाउच यानें वाऱ्याच्या दाबाचा निराळा हिशेब धरलाच नव्हता, असें चौकशींत उघड झालें. राजज्योतिषी एअरी यांनीं १८७३ सालीं दिलेल्या अभिप्रायाचा त्यानें आधार घेतला. त्यांत सबंध पुलावरील दाब दर चौरस फुटास १० रत्तल सांगितला होता. पण तो अभिप्राय फोर्थ खाडीवरील नियोजित पुलाविषयीं होता. ओतकामाचे व देखभालीचे दोषहि निघाले, हें खरें. तथापि १८८१ सालीं सरकारी समितीनें रेल्वेपुलांसाठीं हें मान ५६ रत्तल ठरविलें.

आमच्या मतें चूक केवळ आंकड्याची नव्हती. प्रश्नच अपुरा होता. वारा किती, एवढेंच विचारून भागत नाहीं. किती क्षेत्रावर आणि किती वेळ, हेंहि विचारावें लागतें. पुढें फोर्थचा पूल बांधतांना बेंजामिन बेकर यानें इंचगार्व्ही बेटावर एक ३०० चौरस फुटांची व एक दीड चौरस फुटाची अशा दाबमापक फळ्या उभारल्या. मोठ्या फळीवर दर फुटास पडणारा दाब सामान्यतः कमी भरला. म्हणजे तीव्र झोत अरुंद असतो. काळाचा उलगडा विल्यम डाइन्स याच्या नलिकायंत्रानें केला. १८४६ च्या सुमारास रॉबिन्सननें प्रचारांत आणलेलें फिरत्या वाट्यांचें यंत्र वाऱ्याची सरासरी सांगे. डाइन्सच्या यंत्रानें कागदावर प्रत्येक झोत व उसंत उमटूं लागली.

तोच प्रश्न पुढें पश्चिम आफ्रिकेच्या समुद्रांत नव्यानें उभा राहिला. अंगोलाजवळ जिरासोल येथें २००१ सालापासून सुमारें १,४०० मीटर खोल पाण्यावर नांगरलेल्या तरंगत्या तेलकेंद्रांतून उत्पादन सुरू झालें. त्या समुद्रांत गडगडाटी मेघांतून थंड हवा खालीं उतरते व पाण्यावर पसरते. कांहीं मिनिटांत वारा कित्येक पटींनीं वाढतो व दिशाहि बदलतो. पुष्कळदां तासाभरांत सर्व शांत होतें. तासाच्या सरासरींत हा प्रकार बुडून जातो. उत्तर समुद्रांतील दीर्घ वादळांसाठीं बसविलेलीं गणितेंहि येथें अपुरीं पडतात, कारण वारा कांहीं काळ एका मानानें वाहतो असें तीं गृहीत धरतात. म्हणून झंझावाताच्या वेगाची व दिशेची क्षणाक्षणाची नोंद जशीच्या तशी गणितांत घालून नांगराच्या दोरांवरील ताण काढतात. अडचण एवढीच कीं, थोड्या वर्षांच्या नोंदींवरून शंभर वर्षांतील उग्र झंझावाताचें अनुमान करावें लागतें.

एका पुलासाठीं दिलेला आंकडा दुसऱ्यास लावल्यानें काय होतें, तें टे येथें दिसलें. जुना कागद हातीं घेतांना तो कोणत्या प्रसंगीं व कोणासाठीं लिहिला हें आपण संशोधक प्रथम पाहतों. वाऱ्याच्या आंकड्यासहि तोच नियम लागू आहे.