कवडीची लिपी

आपण ‘कवडीमोल’ म्हणतो, पण कवडी कधीकाळी धन होती हे विसरतो. चिनी लिपी ते विसरलेली नाही. तीन हजार वर्षांपूर्वी, शांग राजवटीत, कवडीचे चित्र अक्षर बनले. पुढे खरेदी, विक्री, माल, उसनवारी यांची अक्षरे त्याच चिन्हावर रचली गेली. इ. स. 100 च्या सुमारास शू शेन या पंडिताने 9,353 अक्षरे 540 मूळ चिन्हांखाली लावली. 1716 चा कांग्शी कोश 214 चिन्हांवरच उभा आहे. एक चिन्ह ओळखले की शिकणाऱ्याला सारे कुटुंब ओळखीचे वाटते. ‘गरीब’ या अक्षरात कवडीवर ‘वाटणे’ हे चिन्ह बसते. शू शेन सांगतो, धन वाटले की उणे होते. पण वाटणी कोणी केली, हे अक्षर सांगत नाही. ते आपणच विचारले पाहिजे.