दापोडीच्या बंगल्यातला गव्हर्नर

दापोडीच्या पुलावर गाडी अडकलीय? उत्तम. इंजिन बंद करा, मागच्या ट्रकचा हॉर्न वाजू द्या आणि खाली उतरा. पाय टेकताच तो घोट्यापर्यंत चिखलात रुतेल, कारण साल १८२९ आहे आणि आषाढ ऐन भरात आहे.

पूल गायब झालाय. समोर पवना आणि मुळा गढूळ पाण्यानं फुगून एकमेकींना भिडताहेत. तुमच्या डोक्यावर इरलं आहे. त्याच्या पानांवर पाऊस इतका ताडताड वाजतोय की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. ओली घोंगडी, घोड्यांची लीद, गोवऱ्यांचा धूर, सगळ्याचा वास एकत्र नाकात शिरतो. "व्हा बाजूला!" पालखीचे भोई ठेक्यात हुंकारत अंगावरून जातात. खांद्यांवरचे घट्टे हातभर अंतरावरून दिसतात. मागोमाग घुंगरं वाजवत टपालाचा हरकारा धावतो.

पालखीमागं चला. नदीकाठचा हा बंगला कॅप्टन फोर्डचा. बागेत वाफे करणाऱ्या म्हाताऱ्या माळ्याला विचारा. बारा वर्षांमागं फोर्डची पलटण इथूनच नदी उतरून पेशव्यांविरुद्ध खडकीच्या लढाईला गेली. तोफांचा आवाज अजून त्याच्या कानात आहे. पेशवाई गेली, बंगला सरकारनं विकत घेतला. आता पावसाळ्यात मुंबईचा गव्हर्नर इथं राहायला येतो आणि भोवती सरकारी बाग उभी राहतेय. "धरा जरा, पाव्हणं," म्हणत माळी तुमच्या हातात रोप देतो. मुळांभोवतीची माती गार आणि जड आहे. झाड कुठल्या मुलखाचं, ते त्याला ठाऊक नाही. आपल्या मातीत ते जगतंय का, एवढंच त्याला बघायचंय.

तेवढ्यात व्हरांड्यातून गडगडाटी हसू ऐकू येतं. मान वर करा, आणखी वर. गव्हर्नर सर जॉन माल्कम सहा फुटांहून बराच उंच आहे, वय साठ, आणि त्याचं बोलणं थांबत नाही. स्कॉटलंडमधल्या एका कूळ-शेतकऱ्याच्या सतरा मुलांपैकी हा एक. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती व्हायला लंडनला गेला, तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचा होता. हैदरअली समोर आला तर काय करशील, असं साहेबांनी विचारलं; पोरानं तलवार काढून मुंडकं उडवीन असं सांगितलं आणि नोकरी मिळवली. पुढं मद्रासची छावणी, श्रीरंगपट्टण, फारसीचा अभ्यास, इराणच्या शहाचा दरबार, महिदपूरची लढाई. आणि १८१८ च्या जूनमध्ये दुसरा बाजीराव ज्याच्या स्वाधीन झाला, तो हाच. वर्षाला आठ लाखांचं पेन्शन कबूल करून त्यानं पेशव्याला शस्त्र खाली ठेवायला लावलं. हे आठवलं की हातातलं रोप आणखी जड होतं. तुमच्या घशाशी आवंढा येतो, आणि साहेब मात्र पावसाकडं बघत मजेत गप्पा मारतोय.

आता एक उडी पुढं : १० नोव्हेंबर १८३०, खंडाळा. कोरडी हवा, नुकत्या फोडलेल्या दगडाची भुकटी जिभेवर. आजवर या घाटातून माल जायचा तो बैलांच्या पाठीवर, गोण्यांमधून. बड्या साहेबाची बग्गीसुद्धा वाशांना टांगून माणसं खांद्यावरून चढवायची. आज माल्कम बोरघाटाचा गाडीरस्ता खुला करतोय. गर्दीत घुसा. बायांच्या डोक्यावरच्या पाट्यांतून अजून खडी सांडतेय, सुताराच्या हातोडीचा ठोका कानठळ्या बसवतोय, बैलांच्या अंगाची ऊब तुमच्या दंडाला लागतेय.

थोड्याच दिवसांत माल्कम विलायतेला परत जाईल. चरित्रकार त्याच्या लढाया आणि तह लिहितील. पण पवनाकाठच्या माणसाच्या रोजच्या जगण्यात त्याच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं काम हेच ठरलं : देश आणि कोकण यांच्यामध्ये चाक फिरू लागलं. पिंपरी-चिंचवड आणि चाकणचे कारखाने आज बंदराशी जोडलेत ते याच घाटातून. हुकूम गव्हर्नरचा होता. कडा फोडला तो मावळातल्या आणि कोकणातल्या हातांनी, आणि त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्याला सांगता येत नाही.

ती बघा, पहिल्या गाड्यांची रांग. कांद्याच्या गोण्यांवर बसलेला गाडीवान कासरा आवळतो आणि ओरडतो, "पनवेलपातुर जातोय, येता का पाव्हणं?" चढा पटकन. उतार तीव्र आहे, मांडी घालून बसा आणि बाजूचा दांडा घट्ट धरा!