खांदेरी दीपगृह

रायगड जिल्ह्यातील थळ गावासमोर, अरबी समुद्रातील खांदेरी बेटावर असलेले दीपगृह. मुंबई बंदराच्या दक्षिणेकडील प्रवेशमार्गावर हे बेट येते. त्याचे मोक्याचे स्थान ओळखून छत्रपती शिवाजी महाराजांनी इंग्रज व सिद्दी यांचा विरोध मोडून काढत १६७९ मध्ये येथे जलदुर्ग उभारण्यास सुरुवात केली. पुढे हा दुर्ग आंग्रे घराण्याच्या आरमाराचे बलस्थान ठरला. १८६७ मध्ये ब्रिटिश राजवटीत बेटावर अष्टकोनी मनोऱ्याचे दीपगृह बांधले गेले. दिवसा मनोरा व रात्री ठरावीक अंतराने चमकणारा झोत पाहून नाविक आपले स्थान निश्चित करतात, खडकांपासून दूर राहतात. बेटाला सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले आहे. उपग्रहीय दिशादर्शनाच्या काळातही मच्छीमार व व्यापारी जहाजांना या दिव्याचा आधार आहे.