दोन काचांमधली हवा

गेल्या उन्हाळ्यात असोद्याच्या आमच्या घराची पुढची खिडकी काढायचं ठरलं. सागाची चौकट, उभे गज, बाहेरून लाकडी झडपा. एक झडप बिजागरीतून निखळली होती आणि दुपारी फटीतून झळ थेट अंगावर यायची. तिच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसवू, असं आम्ही भावंडांनी ठरवलं. अब्बा एवढंच म्हणाले, "काढा. पण ती तशी का केली होती, ते आधी समजून घ्या."

त्याच आठवड्यात इंग्लंडमधल्या आतेभावाचा फोन आला. तोही खिडकीनेच बेजार होता. त्याचं घर एकोणिसाव्या शतकातलं आहे. तिथल्या खिडक्या वर-खाली सरकतात. चौकटीच्या पोकळ बाजूंत दोरीला वजनं टांगलेली असतात, त्यांच्या तोलावर खिडकी हवी तिथे थांबते. थंडीसाठी त्याला दुहेरी काच हवी होती. पण काच दुहेरी झाली की तिचं वजनही जवळपास दुप्पट होतं. मग आतली वजनं बदला, काचेची खाच खोल करा. जुन्या बारीक पट्ट्यांना एवढी जाड काच पेलत नाही. घर वारसा यादीत असेल तर परवानगीही लागते. म्हणून तिकडे बरेच लोक जुनी खिडकी तशीच ठेवतात आणि आतल्या बाजूने काचेची दुसरी चौकट लावतात.

त्या देशात खिडकीचा इतिहासही गमतीचा आहे. १६९६ ते १८५१ घराच्या खिडक्या मोजून कर घेतला जाई. तो चुकवायला लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. काचेवरचा कर १८४५ साली उठला. उजेडावर कर बसवणारं सरकार आपल्याकडेही पुढे राज्य करून गेलं, हा भाग वेगळा.

दुहेरी काचेत खरं काम काच करत नाही. दोन काचांमध्ये कोंडलेली, न हलणारी हवा उष्णता अडवते. फट फार रुंद झाली की आतली हवा फिरू लागते आणि फायदा वाढत नाही. हे ऐकून मला गोधडी आठवली. तीही थरांमध्ये हवा धरूनच ऊब देते.

पण भावाची अडचण आणि आमची अडचण उलट आहे. त्याला घरातली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, आम्हाला बाहेरचं ऊन आत येऊ द्यायचं नाही. साध्या काचा दोन लावल्या तरी ऊन त्यांतून बऱ्यापैकी आत येतंच. ते काचेपर्यंत पोहोचण्याआधी अडवावं लागतं. झडप नेमकं हेच करत होती. दादी सकाळी ऊन चढायच्या आत झडपा लावून घ्यायची आणि मगरिबनंतर सगळ्या उघडायची. आम्हाला ती जुन्या माणसाची सवय वाटायची.

बहिणाबाई चौधरींचं माहेर हेच गाव. १८८० साली त्या इथे जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांची गाणी दुसऱ्यांनी उतरवून घेतली. दादीलाही अक्षर येत नव्हतं. तिचं झडपांचं शास्त्र मात्र कुणी उतरवून घेतलं नाही.

खिडकीच्या काचेला आपण मराठीत तावदान म्हणतो. हा शब्द फारसी 'ताबदान'वरून आला. ताब म्हणजे तेज, उजेड. अत्तरदाणीत अत्तर, तसा ताबदानात उजेड. हवा हा शब्द अरबी, चौकट आणि खिडकी देशी. खानदेशावर १३८२ ते १६०१ फारुकी सुलतानांचं राज्य होतं. त्यांच्यातल्या राजा अलीखानाने बुऱ्हाणपूरला जामा मशीद बांधली, तिच्यात अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. तो पाहायला लोक लांबून जातात. पण तीच सरमिसळ आपल्या घरातल्या खिडकीतही आहे, आणि ती आपण भंगारात घालायला निघालो होतो. आपला इतिहास फक्त किल्ल्यांत आणि मशिदींत शोधायची सवय आपल्याला लागली आहे. मग घर पाडताना हात थरथरत नाही.

शेवटी आम्ही सुतार बोलावला. त्याने बिजागऱ्या बदलल्या, कुजलेल्या जागी सागाचेच तुकडे जोडले आणि झडपा नीट बसवल्या. आतल्या बाजूने उघडता येईल अशी काचेची एक चौकट केली. ऊन झडपेवर थांबतं, फटीतून येणारी झळ आणि धूळ काचेवर. संध्याकाळी दोन्ही उघडतो. उद्या कुणाला काच नको झाली तर चार स्क्रू काढले की खिडकी पूर्वीसारखी.

भावाला फोटो पाठवला. त्यानेही शेवटी आतून दुसरी चौकटच लावली होती.

आता सकाळी झडपा लावायचं काम माझ्या मुलीकडे आहे. का लावायच्या, हे तिला सांगून ठेवलं आहे.