पंधरा उत्तरपत्रिका आणि चौदा परीक्षक

गेल्या हिवाळ्यात आमच्या कन्येची जीसीएसईची सराव परीक्षा झाली. जीसीएसई म्हणजे इंग्लंडमधली 'दहावी' म्हणा ना, सोळाव्या वर्षी देतात. इतिहासाच्या पेपरात एडवर्ड जेन्नरच्या देवीच्या लशीवर १६ मार्कांचा प्रश्न होता. बाईसाहेबांचा हा आवडता विषय. तीन पानं लिहिली, गवळणीच्या गोष्टीसकट. मार्क मिळाले ९.

रडारड झाली. मग शाळेतल्या बाईंनी तिला 'मार्क स्कीम' दाखवली. इथे ही मार्क स्कीम गुप्त नसते, परीक्षा संपल्यावर काही काळाने मंडळं ती इंटरनेटवर टाकतात, कोणीही वाचावी. नुसतं वर्णन केलं तर खालचा स्तर, कारणं दिली तर त्याच्या वरचा, आणि दोन बाजू तोलून स्वतःचा निष्कर्ष मांडला तर सर्वात वरचा! कन्येने तेच उत्तर पुन्हा लिहिलं. चार परिच्छेद, प्रत्येकाच्या शेवटी 'यावरून असे दिसते की...'. मार्क मिळाले १४.

मी विचारलं, "आता जेन्नर जास्त कळला का गं?"

"नाही बाबा, तेवढाच कळला. परीक्षक जास्त कळला."

मंडळी, या एका वाक्याने मी चाट पडलो. आणि मग सवयीप्रमाणे रात्री या विषयाच्या मागे लागलो. हा 'परीक्षक कळण्याचा' धंदा किती जुना आहे?

चांगलाच जुना निघाला. आपल्याला रँग्लर परांजपे माहीत असतात. फर्ग्युसन कॉलेजातून केंब्रिजला जाऊन १८९९ साली त्यांनी गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिला क्रमांक पटकावला (जॉर्ज बर्टविसल नावाच्या विद्यार्थ्याबरोबर विभागून). सीनियर रँग्लर झालेले ते पहिले भारतीय. पण ती परीक्षा कशी असे हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं. प्रश्नाचा पहिला भाग 'बुकवर्क', म्हणजे पुस्तकातली सिद्धता जशीच्या तशी लिहायची. दुसरा भाग 'रायडर', म्हणजे त्याच सिद्धतेवर बेतलेलं नवं उदाहरण. वेळ कमी आणि प्रश्न ढीगभर. त्यामुळे बुकवर्क हातातून यंत्रासारखं उतरायला हवं! त्यासाठी खाजगी शिकवण्या असत. एडवर्ड राउथ हे त्यातले सम्राट. त्यांच्या हाताखालून पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर बाहेर पडले. कोटा आणि लातूर काल-परवाचे, हे गृहस्थ एकोणिसाव्या शतकातले.

गंमत म्हणजे १८५४ साली स्वतः राउथ पहिले आले तेव्हा दुसरा कोण आला होता? जेम्स क्लार्क मॅक्सवेल! होय, तोच, ज्याची विद्युतचुंबकत्वाची समीकरणं आम्ही इंजिनियरिंगला घोकली. आता राउथही काही ऐरागैरा नव्हता, नियंत्रण प्रणालीत 'राउथचा निकष' आम्हाला होताच. पण परीक्षेतला क्रम आणि इतिहासातला क्रम एकच नसतो एवढं खरं. नावं गुणानुक्रमे जाहीर करण्याची ती पद्धत पुढे खुद्द केंब्रिजमध्येच नकोशी झाली आणि १९०९ नंतर बंद पडली.

शाळकरी मुलांच्या परीक्षाही याच विद्यापीठांनी सुरू केल्या. केंब्रिजची पहिली शालेय परीक्षा डिसेंबर १८५८ मध्ये झाली. परीक्षक प्रश्नपत्रिकांची कुलूपबंद पेटी घेऊन, झगा घालून आगगाडीने गावोगाव जात. मुलींना मात्र १८६३ साली आधी 'प्रयोग म्हणून' बसू दिलं, रीतसर परवानगी १८६५ साली मिळाली. त्यासाठीही एमिली डेव्हिस नावाच्या बाईंना बराच झगडा करावा लागला.

प्राथमिक शाळांची कथा तर आणखी अजब. १८६२ साली रॉबर्ट लो यांनी नियम आणला की शाळेचं सरकारी अनुदान मुलांच्या निकालावर ठरेल. इन्स्पेक्टर येणार, प्रत्येक मुलाचं वाचन, लेखन आणि अंकगणित तपासणार, नापासामागे पैसे कापणार. मग काय व्हायचं ते झालं. मुलांनी वाचनाचं पुस्तकच पाठ केलं! मॅथ्यू अरनॉल्ड हा नामवंत कवी स्वतः शाळा-इन्स्पेक्टर होता, त्याने या पद्धतीवर सडकून टीका केली. तरी ती पूर्ण जायला १८९७ साल उजाडलं.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. परीक्षकाला ओळखून लिहायचं ठीक, पण परीक्षक म्हणजे नक्की कोण? एकाच उत्तराला दोन परीक्षक सारखेच मार्क देतात का?

हे मोजून पाहायचं डोकं फ्रान्सिस एजवर्थ या संख्याशास्त्रज्ञाला सुचलं. १८८८ च्या सुमारास त्याने लॅटिन गद्याचा एकच उतारा २८ जाणकारांकडून तपासून घेतला. सर्वात कमी मार्क ४५, सर्वात जास्त १००! लक्षात घ्या, तेव्हा हिंदुस्थानावर राज्य करणारे आयसीएस अधिकारी लंडनमध्ये अशाच लेखी स्पर्धा परीक्षांतून निवडले जात. म्हणजे कलेक्टर कोण होणार आणि कोण घरी बसणार यात परीक्षकाच्या मर्जीचाही वाटा होता.

पण मला हलवून गेला तो पुढचा प्रयोग. तो करणारे सर फिलिप हार्टॉग आपल्याला अगदीच परके नाहीत. ते ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. सायमन कमिशनच्या शिक्षणविषयक समितीचे अध्यक्षही तेच. १९३१ साली लंडनमध्ये गांधीजी म्हणाले की इंग्रजी अमलात हिंदुस्थानातली साक्षरता घटली, तेव्हा 'पुरावा दाखवा' म्हणून मागे लागले तेही हेच हार्टॉग. पुराव्याच्या बाबतीत गृहस्थ चिकट. मायदेशी परतल्यावर त्यांनी तोच चिकटपणा स्वतःच्या देशातल्या परीक्षांना लावला आणि ई. सी. ऱ्होड्स या संख्याशास्त्रज्ञाबरोबर १९३५ साली निष्कर्ष छापले.

त्यांनी काय केलं? शालान्त परीक्षेतल्या इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका घेतल्या. मुद्दाम अशा निवडल्या की मूळ परीक्षेत सगळ्यांना एकच, मधलेच मार्क मिळालेले होते. त्या अनुभवी परीक्षकांकडून तपासून घेतल्या. मग वर्ष-दीड वर्ष थांबून त्याच उत्तरपत्रिका त्याच परीक्षकांकडे पुन्हा पाठवल्या. दुसऱ्या फेरीलाही हजर असलेले परीक्षक होते १४. म्हणजे १४ गुणिले १५, एकूण २१० निकाल दोनदा लागले. त्यांपैकी ९२ वेळा परीक्षकाने स्वतःचाच निकाल फिरवला! आधी पास केलेला नापास, नापास केलेला पास, किंवा त्याहून वरच्या श्रेणीत बदल.

आम्ही यंत्रांच्या धंद्यातली माणसं. कारखान्यात नवं मोजमापाचं उपकरण आलं की आम्ही हेच करतो. तोच सुटा भाग तीन-चार कामगारांकडून दोन-तीनदा मोजून घेतो. आकडे जुळले तर उपकरण ठेवायचं, नाहीतर परत पाठवायचं. २१० पैकी ९२ वेळा स्वतःशीच न जुळणारी पट्टी मी एक दिवससुद्धा कारखान्यात ठेवली नसती. आणि या पट्टीवर आपण मुलं मोजत होतो.

हे वाचताना मला माझा एक शाळासोबती आठवला. नाव लिहीत नाही. माझ्याच बाकावर बसायचा. दहावीत एकाच विषयात, तीन मार्कांनी गेला. अक्षर खराब होतं, मुद्दे अधोरेखित करायचं त्याला कधी जमलंच नाही. मला जमायचं. निळ्या शाईने उत्तर, काळ्याने मथळे, पट्टीने समास, दोन पुरवण्या जास्तीच्या. गाईडातलं उत्तर मी शब्द फिरवून लिहायचो. तो स्वतःचं लिहायचा. घरची परिस्थिती बेताची, तो पुन्हा बसलाच नाही, वडिलांच्या दुकानात लागला. मी इथे पोचलो. इतकी वर्षं मी मनाशी धरून चाललो होतो की मी हुशार आणि तो जरा कच्चा. हार्टॉगचे आकडे पाहिल्यावर त्या तीन मार्कांची किंमत नक्की काय होती, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

इंग्लंडने यावर उपाय केले नाहीत असं नाही. कन्येने वाचली ती तपशीलवार मार्क स्कीम हा त्याचाच भाग. गणितात रीतीचे मार्क वेगळे आणि अचूकतेचे वेगळे, त्यामुळे उत्तर चुकलं तरी रीत लिहिली असेल तर पदरात काही पडतं. आता उत्तरपत्रिका स्कॅन होतात, परीक्षक घरी संगणकावर तपासतात, आणि त्यात आधीच मार्क ठरवून ठेवलेली उत्तरं गुपचूप मिसळलेली असतात. तिथे परीक्षक भरकटला तर त्याला थांबवता येतं. म्हणजे पट्टीच तपासायची सोय झाली!

तरीही २०१८ साली इथल्या परीक्षा नियामकाने, ऑफक्वालने, स्वतःच प्रसिद्ध केलं की वरिष्ठ परीक्षकाने दिली असती तीच श्रेणी मिळण्याची शक्यता गणितात सुमारे ९६ टक्के असली तरी इंग्रजी भाषा-साहित्यात जेमतेम ५२ टक्के आहे. २०२० साली कोविडमुळे परीक्षा रद्द झाल्या तेव्हा माणसाऐवजी गणिती सूत्राने श्रेणी ठरवून पाहिली. ए-लेव्हलच्या जवळजवळ ४० टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजाहून खाली गेल्या, मुलं रस्त्यावर उतरली आणि चार दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. माणूस चुकतो म्हणून सूत्र आणलं, तर सूत्राने मुलाचं उत्तरच पाहिलं नाही.

तेव्हा कन्येला मी काय सांगितलं? गणितात प्रत्येक पायरी लिही. इतिहासात प्रश्नातला शब्द पकड, दोन्ही बाजू मांड, निष्कर्ष काढ. परीक्षकाला दिवसाकाठी ढीगभर उत्तरं वाचायची असतात, त्याला तुझा मुद्दा शोधायला लावू नकोस. हा शिष्टाचार आहे, यात लबाडी नाही. पण मिळालेला आकडा म्हणजे तू नव्हेस. आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीला तुझ्याहून तीन मार्क कमी पडले, तर ती तुझ्याहून कमी आहे असं कधीही समजू नकोस.

तिने मान डोलावली आणि विचारलं, "बाबा, पण ती पहिली तीन पानं मी ठेवू का?"

ठेव म्हटलं. गवळणीची गोष्ट त्यातच आहे.

असो. पुढच्या खेपेला गावी गेलो की त्या दुकानात जायचं आहे. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.