आवडलेले, नावडलेले, सगळेच डबे

दादासाहेब फाळक्यांचा ‘लंकादहन’ १९१७ मध्ये पडद्यावर आला आणि थिएटरांवर लोकांची झुंबड उडाली. अण्णा साळुंके या एकाच नटाने त्यात राम आणि सीता दोघेही साकारले होते. मद्रासेत गल्ल्याची नाणी बैलगाडीत भरून पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली, अशी आठवण सांगतात. त्यानंतर आठ वर्षांनी कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला. इथे ना देव होते ना राक्षस. सावकाराने जमीन गिळलेला आणि शहराकडे ढकलला गेलेला एक शेतकरी होता, आणि ती भूमिका तरुण व्ही. शांतारामांनी केली होती. भारतीय वास्तववादी चित्रपटाची सुरुवात जाणकार या चित्रपटापासून धरतात.

पहिल्याला पिटातल्या प्रेक्षकाचा कौल मिळाला, दुसऱ्याला जाणकारांचा. आज ‘लंकादहन’चे काही मिनिटांचे तुकडे उरले आहेत. १९२५ च्या ‘सावकारी पाश’ची तर एक फूटही फिल्म हाती नाही. बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ (१९५३) पाहणाऱ्याला पेंटरांचा शेतकरी आठवावा इतकी दोन्ही कथानकं जवळची आहेत. पण ती शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सोय राहिलेली नाही.

जुन्या फिल्मचं आयुष्य धंद्याच्या हिशेबाने ठरत असे. मोठ्या शहरातला खेळ उतरला की प्रिंट लहान गावांत जायची, तिथून फिरत्या तंबूंत. ओरखडे पडत, सांधे तुटत, रीळ आखूड होत जाई. शेवटी उरायचा कच्च्या मालाचा भाव. फिल्मवरच्या रसायनाच्या थरात चांदी असते, ती धुऊन काढली जाई. खालच्या सेल्युलॉइडच्या पट्टीपासून बांगड्या आणि बायकांच्या पर्सेस बनत. त्यातच १९५० च्या सुमारापर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म भयंकर ज्वालाग्राही. गोदामात ठेवणं म्हणजे आग सांभाळणं. निर्मात्याला ती नकोशी होई, यात नवल नाही. भारतात हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले धड अवस्थेत उरलेले मोजायला हाताची बोटं पुरतात. पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) याचीही एक प्रिंट शिल्लक नाही.

या गळतीला बांध घालण्यासाठी फेब्रुवारी १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. जागा पुण्याचीच असावी हे स्वाभाविक होतं. ‘प्रभात’ फिल्म कंपनीचा स्टुडिओ बंद पडल्यावर त्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उघडली होती आणि विद्यार्थ्यांना दाखवायला चित्रपट हवे होते. पण पुस्तकांसाठी १९५४ पासून कायदा होता, प्रकाशकाने ठरावीक ग्रंथालयांना प्रत दिलीच पाहिजे असा. चित्रपटांना तसा कायदा नव्हता. प्रत्येक प्रिंट मागून, विनवून, कधी गोदामातली धूळ झटकून आणावी लागणार होती.

हे काम ज्याच्या वाट्याला आलं, तो माणूस मुळात पिटातला प्रेक्षक होता. पी. के. नायर यांचा जन्म १९३३ चा, तिरुवनंतपुरमचा. घरी सिनेमाचं वावडं, म्हणून पोरगा चोरून चित्रपट पाही आणि तिकिटांचे अर्धे तुकडे जपून ठेवी. पुढे दिग्दर्शक व्हायचं म्हणून तो मुंबईला आला. मेहबूब खान, बिमल रॉय, हृषीकेश मुखर्जी यांच्या आसपास वावरला. आपल्यात दिग्दर्शक नाही हे उमगलं तेव्हा पुण्याची वाट धरली. १९६१ मध्ये इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन सहायक, १९६५ मध्ये संग्रहालयात सहायक क्युरेटर, १९८२ मध्ये संचालक. १९९१ ला निवृत्त झाले तेव्हा संग्रहात सुमारे बारा हजार चित्रपट होते, त्यांतले आठ हजारांच्या घरात भारतीय.

अंधाऱ्या थिएटरात बसून वहीत टिपणं काढण्याची त्यांची सवय विद्यार्थ्यांमध्ये प्रसिद्ध होती. अमुक चित्रपटातला तमुक प्रसंग कितव्या रिळात आहे, हे ते डबा न उघडता सांगत. अशा माणसाला आवडनिवड नसेल असं कसं म्हणावं? पण चित्रपट चांगला की वाईट हे ठरवणं जपणाऱ्याचं काम नाही, अशी त्यांची भूमिका होती. सरकारी निकषांत पुरस्कार मिळालेले, गल्ला भरलेले, साहित्यकृतींवर बेतलेले अशी वर्गवारी होती. नायरांचा हात मात्र वर्गवारीबाहेरही पोचे. फाळक्यांचे ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘कालिया मर्दन’, बॉम्बे टॉकीजचे ‘अछूत कन्या’, ‘कंगन’ आणि ‘बंधन’, एस. एस. वासन यांचा ढोलांवरच्या नाचासाठी गाजलेला ‘चंद्रलेखा’, उदय शंकर यांचा पडद्यावर फारसा न चाललेला ‘कल्पना’. पौराणिक, सामाजिक, डामडौलाचा, प्रयोगशील, सगळे एकाच छताखाली आले. हाच ‘कल्पना’ दुरुस्त होऊन २०१२ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला, निघाल्यानंतर चौसष्ट वर्षांनी.

डबे केवळ साठून राहिले असते तर ते गोदामच झालं असतं. इथे फिल्म सोसायट्यांची गाठ पडते. सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ मध्ये कोलकात्यात फिल्म सोसायटी काढली होती. १९५९ मध्ये अशा संस्थांचा महासंघ झाला आणि राय त्याचे अध्यक्ष झाले. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ उभं राहिलं. या मंडळांना परदेशी चित्रपट आणायला ना पैसा होता ना गोदाम. संग्रहालयाच्या १६ मिलिमीटरच्या प्रिंट त्यांना मिळू लागल्या. त्यांचा प्रोजेक्टर हातातून नेता येई, कॉलेजच्या हॉलमध्ये टेबलावर चाले. तिकीटबारी नव्हती, मध्यंतरातले वडे नव्हते. खेळ संपल्यावर खुर्च्या गोल करून वाद मात्र होत.

वादासाठी भाषा लागते, ती इन्स्टिट्यूटमधल्या प्रा. सतीश बहादूर यांनी दिली. पुण्यात संग्रहालय आणि इन्स्टिट्यूट मिळून भरवू लागलेल्या उन्हाळी रसास्वाद शिबिरात ते ‘पथेर पांचाली’ एकेक दृश्य करत उलगडून दाखवत. शिबिरार्थींत शिक्षक असत, बँकेतले कारकून असत, पत्रकार असत. चित्रपट ‘आवडला’ म्हणून थांबणाऱ्या माणसाला का आवडला ते बोलावं लागे. सकाळी जपानी चित्रपट, दुपारी ‘संत तुकाराम’, संध्याकाळी इटालियन, असा दिवस जाई आणि ‘प्रभात’च्या विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम कुरोसावाच्या सामुराईंइतक्याच गंभीरपणे पाहायचा असतो, हे डोक्यात बसे.

या रसास्वादाची सर्वांत मोठी परीक्षा महाराष्ट्राबाहेर झाली. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडू या सुपारीच्या बागांच्या गावी के. व्ही. सुब्बण्णा यांची ‘नीनासम’ ही नाट्यसंस्था होती. बहादूर आणि नायर तिथे प्रिंट घेऊन गेले. बागायतदार, मजूर, घरच्या बायाबापड्या बसल्या आणि त्यांनी ‘पथेर पांचाली’, ‘राशोमोन’ पाहिले. परक्या भाषेतला, संथ चालीचा चित्रपट खेड्यातल्या माणसाला झेपत नाही, ही शहरी समजूत तिथे टिकली नाही. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांच्या ‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२) या नायरांवरच्या माहितीपटात हे प्रेक्षक त्या चित्रपटांविषयी बोलताना दिसतात.

जपणं म्हणजे कायमचं वाचवणं नव्हे, हेही पुण्याने पाहिलं. जानेवारी २००३ मध्ये इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेटच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या चित्रपटांची अनेक रिळं जळाली. नायर तेव्हा निवृत्त होते. पुढची वर्षं ते पुण्यातच राहिले, बोलावणं आलं की विद्यार्थ्यांपुढे बोलत राहिले आणि मार्च २०१६ मध्ये इथेच गेले. २०२२ मध्ये संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं.

नायरांनी मिळवलेल्या ठेव्यातली सर्वांत मोलाची वस्तू आजही वादात आहे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लागलेला ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा होता. संग्रहालयात पहिलं आणि शेवटचं रीळ आहे. पण फाळक्यांनी १९१७ मध्ये हीच कथा पुन्हा चित्रित केली होती आणि हाती आलेली रिळं त्या दुसऱ्या चित्रपटाची असावीत, असं काही अभ्यासक मानतात. पडद्यावर हरिश्चंद्र मुलाला धनुष्य धरायला शिकवतो, शेजारी तारामतीच्या वेशात एक पुरुष नट उभा असतो, आणि अभ्यासक ते वर्ष कोणतं यावर भांडत राहतात. भांडायला दोन रिळं आहेत. ‘सावकारी पाश’बद्दल तेवढंही करता येत नाही.