एक वर्ष बाकावर : अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधील एका नियमाचे चरित्र

महाविद्यालय बदलणाऱ्या खेळाडूने नव्या ठिकाणी एक वर्ष सामन्याविना काढावे, हा नियम अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये निरनिराळ्या रूपांत शंभर वर्षांहून अधिक काळ टिकला आणि २०२१ ते २०२४ या तीन वर्षांत नाहीसा झाला. नियम लावणे, त्यांचा अर्थ लावणे आणि त्यांना अपवाद करणे यांतच ज्याची नोकरी गेली, अशा माझ्यासारख्याला या नियमाचे चरित्र फार ओळखीचे वाटते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांची मुले मिशिगन, पर्ड्यू, इलिनॉय अशा विद्यापीठांत शिकतात. शनिवारी लाखाच्या घरात लोक कशासाठी जमतात, हे त्यांनी आईवडिलांना सांगितलेच असेल. इतरांसाठी एवढेच सांगतो की, हा फुटबॉल आपला नव्हे. चेंडू अंडाकृती, तो बहुधा हातात धरून धावायचा, आणि समोरच्याला अंगाने आडवे करायचे.

या खेळाची सुरुवात रुटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यातील ६ नोव्हेंबर १८६९ च्या सामन्यापासून मानतात. पात्रतेचा वाद मात्र फुटबॉलच्याही आधीचा आहे. १८५२ साली हार्वर्ड आणि येल यांची नौकाशर्यत झाली, ती एका रेल्वे कंपनीच्या खर्चाने. कंपनीला आपल्या मार्गावर प्रवासी हवे होते. तीनच वर्षांनी, १८५५ मध्ये, हार्वर्डने पदवी घेऊन बाहेर पडलेला सुकाणूधारी नौकेत बसवला. म्हणजे धंदा आणि अपात्र खेळाडू हे दोघेही या खेळांच्या जन्मापासूनच हजर होते. पूर्वी सारे शुद्ध होते व नंतर पैसा शिरला, अशी तक्रार करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जो प्रकार बोकाळला त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : आयाराम-गयाराम. १९६७ साली हरियाणात एका आमदाराने अल्पावधीत अनेकदा पक्ष बदलला, तेव्हापासून तो रूढ झाला. अमेरिकेत असे खेळाडू सत्तर वर्षे आधीच होते. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध फील्डिंग योस्ट. १८९६ च्या ऑक्टोबरात हा गृहस्थ वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात कायद्याचा विद्यार्थी होता. लाफाएट महाविद्यालयाच्या प्रशिक्षकाला त्याचा खेळ आवडला आणि पुढच्याच आठवड्यात योस्ट लाफाएटचा ‘विद्यार्थी’ म्हणून मैदानात उतरला. समोर होते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ, सलग ३६ सामने जिंकलेले. लाफाएटने ते ६-४ असे हरवले. आपण येथे शिक्षण पूर्ण करणार असल्याचे योस्टने सांगितले खरे, पण थोड्याच दिवसांत तो वेस्ट व्हर्जिनियात परतला आणि कायद्याची पदवीही तेथूनच घेतली.

योस्ट एकटाच नव्हता. येलच्या १९०४ च्या संघाचा कर्णधार जेम्स होगन पंचविशी ओलांडलेला होता. त्याला फी माफ होती, राहायला उत्तम दालन होते, क्यूबाची सहल घडली आणि न्यू हेवन शहरात विकल्या जाणाऱ्या एका कंपनीच्या सिगारेटींवर दलालीही मिळे. याला भरती म्हणावे की भागीदारी, हे वाचकांनी ठरवावे.

पश्चिमेकडील सात विद्यापीठांचे अध्यक्ष जानेवारी १८९५ मध्ये शिकागोत जमले, त्याला ही पार्श्वभूमी होती. पुढे ‘बिग टेन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मंडळाचा पाया तेथे पडला. खेळणारा खरोखर विद्यार्थी असावा आणि दुसरीकडून खेळून आलेल्याने काही काळ वर्गात हजेरी लावल्याखेरीज मैदानात उतरू नये, असा त्यांचा आग्रह होता. १९०५ च्या हंगामात मैदानावर अठरा जणांचा मृत्यू झाल्याची नोंद झाली, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी लक्ष घातले आणि खेळच बंद करावा अशी मागणी होऊ लागली. १९०६ मध्ये याच मंडळाने नियम आवळले : एक वर्ष वास्तव्याशिवाय खेळणे नाही आणि एकूण तीनच वर्षे पात्रता. परिषद बोलावली होती मिशिगनचे अध्यक्ष जेम्स अँजेल यांनी. गंमत अशी की, तोवर मिशिगनचा प्रशिक्षक होता तोच फील्डिंग योस्ट. नियम मिशिगनला जाचक वाटले, १९०७ मध्ये ते मंडळाबाहेर गेले आणि १९१७ मध्ये परतले. आपल्याच अध्यक्षाच्या पुढाकाराने झालेला नियम मोडून बाहेर पडणारी संस्था प्रशासनात फार वेळा पाहायला मिळत नाही.

या टप्प्यावर नियमाचा प्रश्न साधा आणि रास्त होता : हा माणूस विद्यार्थी आहे काय? वर्षभर वर्गात बसलेला मनुष्य बहुधा विद्यार्थी असतो. तपासणी सोपी, पुरावा हजेरीपटात.

१९०६ मध्येच राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९१० पासून ती एनसीएए या नावाने ओळखली जाते. पहिली चार दशके तिला सल्ल्यापलीकडे अधिकार नव्हते. कार्नेगी फाउंडेशनचा १९२९ चा अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा उघड वा छुप्या मार्गाने खेळाडूंना पैसे पुरवणाऱ्या संस्थाच बहुसंख्य निघाल्या. (अहवाल आला २४ ऑक्टोबरला, शेअर बाजार कोसळला त्याच दिवशी. त्यामुळे त्याची चर्चा किती झाली असेल, याची कल्पना करता येते.) १९४८ मध्ये एनसीएएने ‘सॅनिटी कोड’ आणला. मदत द्यायची ती आर्थिक गरज पाहून, खेळ पाहून नव्हे. सात संस्थांनी तो पाळत नसल्याचे जाहीर केले. १९५० च्या अधिवेशनात त्यांना काढून टाकण्याचा ठराव आला. बाजूने १११, विरुद्ध ९३. दोन तृतीयांश मते मिळाली नाहीत, ठराव पडला आणि पुढच्या वर्षी ती संहिताही गेली. शिक्षा देणारे आणि शिक्षेस पात्र असणारे एकाच सभागृहात बसून मत देत होते, मग दुसरे काय व्हायचे?

येथून संघटनेने दिशा बदलली. १९५१ मध्ये वॉल्टर बायर्स पहिले कार्यकारी संचालक झाले. १९५६ मध्ये खेळावर आधारित पूर्ण शिष्यवृत्ती अधिकृत झाली. मात्र तिची मर्यादा सर्वांनी मिळून ठरवायची. एम.ए.ला आम्हाला कार्टेलचे उदाहरण म्हणून तेल निर्यातदार देश शिकवले. विकणाऱ्यांनी एकत्र येऊन भाव चढवायचा, ही ती गोष्ट. येथे विकत घेणारे एकत्र आले होते आणि भाव उतरवत होते. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये एनसीएएला सरळ कार्टेल म्हटले. कार्टेलची जुनी दुखणी दोन : आतून होणारी फसवणूक आणि मालाची पळवापळवी. पहिल्यावर चौकशी व शिक्षा हा उपाय. सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या हितचिंतकाने १३ खेळाडूंना सुमारे ६१ हजार डॉलर वाटल्यावर १९८७ चा त्यांचा संपूर्ण हंगाम रद्द झाला. दुसऱ्या दुखण्यावर औषध तयारच होते. एक वर्ष वास्तव्याचा जुना नियम.

नियमाचे शब्द साधारण तेच राहिले. प्रश्न मात्र बदलला : हा खेळाडू कोणाचा?

याचा पुरावा नियमाच्या व्याप्तीतच आहे. वर्षभर बसण्याचे समर्थन नेहमी शैक्षणिक असे. नव्या जागी रुळायला, अभ्यास सावरायला वेळ हवा, वगैरे. तसे असते तर पोहणाऱ्याला आणि टेनिस खेळणाऱ्यालाही तो वेळ हवाच. प्रत्यक्षात त्यांना एकदा महाविद्यालय बदलून लगेच खेळता येई. बसावे लागे ते फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि पुरुषांच्या आइस हॉकीतील खेळाडूंना. तिकिटे आणि प्रक्षेपणाचे हक्क कुठे विकले जातात, हे पाहिले की यादीचा अर्थ लागतो.

शिवाय बंधन एकतर्फी होते. १९६४ पासून शाळकरी खेळाडू एका इरादापत्रावर सही करीत असे. ते त्याला संस्थेशी बांधी. ज्या प्रशिक्षकाच्या शब्दावर तो आला, तो दुसऱ्या दिवशी निघून गेला तरी पत्र कायम. १९७३ मध्ये चार वर्षांची शिष्यवृत्ती जाऊन दरवर्षी नूतनीकरणाची आली. म्हणजे संस्था त्याला वर्षाअखेर सोडू शके, त्याने सोडले तर वर्ष जाई. आणि २०१८ पर्यंत दुसऱ्या महाविद्यालयाशी बोलण्यासाठी त्याला आधीच्या महाविद्यालयाची परवानगी लागे. ती न मिळाल्यास नव्या जागी शिष्यवृत्ती नाही. आपल्या कार्यालयांत ‘ना हरकत प्रमाणपत्र’ या तीन शब्दांनी किती अर्ज कपाटात निजवले आहेत, हे मी निराळे सांगायला नको. प्रशिक्षकाला मात्र अशी अट नव्हती. ब्रायन केली नोव्हेंबर २०२१ मध्ये नोत्र दाम सोडून लुइझियाना राज्य विद्यापीठात गेले, तेव्हा हंगाम संपलाही नव्हता. करार दहा वर्षांचा, सुमारे साडेनऊ कोटी डॉलरचा.

पडझड लवकर झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘ट्रान्स्फर पोर्टल’ आले. परवानगीऐवजी केवळ सूचना द्यायची आणि कार्यालयाने दोन दिवसांत नाव नोंदवायचे. एप्रिल २०२१ मध्ये एकदा न बसता बदली मान्य झाली. २१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य असा निर्णय एनसीएएविरुद्ध दिला आणि १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे व चेहऱ्याचे पैसे घेण्याची मुभा मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील संघीय न्यायालयाने दुसऱ्या बदलीवरचे बंधनही स्थगित केले. वेस्ट व्हर्जिनियातच, हे योस्टला आवडले असते! एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने नियमच मागे घेतला.

आता खेळाडू दरवर्षी विद्यापीठ बदलू शकतो, काही जण बदलतातही. यात नुकसान आहे. प्रत्येक बदलीत काही अभ्यासक्रम मोजले जात नाहीत आणि पदवी लांबते. १८९५ च्या अध्यक्षांना छळणारा प्रश्न खोटा नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये दिएगो पाविया या खेळाडूने न्यायालयात जाऊन, दोन वर्षांच्या कनिष्ठ महाविद्यालयात खेळलेले हंगाम आपल्या पात्रतेत धरू नयेत, असा अंतरिम आदेश मिळवला. त्यानंतर तशाच दाव्यांची रीघ लागली. आपल्या पक्षांतरबंदी कायद्याचेही १९८५ पासून असेच चालले आहे. बंधन घातले की पळवाट आणि पळवाटेवर न्यायालय. तरीही माझे मत असे की, नियम कोसळला तो खेळाडूंच्या लोभामुळे नव्हे. तो ज्यांनी केला तेच त्याचे लाभार्थी होते, आणि ज्यांच्यावर लावला त्यांचा प्रतिनिधी तो करताना त्या सभागृहात नव्हता. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी मंजूर केलेल्या समझोत्यानुसार जुन्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर द्यायचे ठरले आणि पहिल्या वर्षी प्रत्येक संस्थेला खेळाडूंना सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत थेट देता येतील अशी मर्यादा आली. मर्यादा पुन्हा खरेदीदारांच्याच बाजूने ठरली, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या नजरेतून सुटत नाही.

एक माणूस राहिला. १९५५ मध्ये कोलोरॅडोतील एका लहान महाविद्यालयाचा खेळाडू रे डेनिसन डोक्याला मार लागून गेला. कामगार म्हणून भरपाई मिळावी, असा दावा त्याच्या पत्नीने केला. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, कारण महाविद्यालय फुटबॉलचा धंदा करीत नाही. अशा दाव्यांच्या भीतीनेच संघटनेने ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा जोडशब्द घडवला आणि सर्वत्र सक्तीने वापरला, हे वॉल्टर बायर्स यांनीच १९९५ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. २०२५ च्या समझोत्याने पैशाचे हिशेब मांडले. खेळाडू हा संस्थेचा नोकर आहे किंवा नाही, या डेनिसनच्या पत्नीच्या प्रश्नाला त्याने हात लावला नाही.